गळाच्या रॉडवरची धाग्याची नक्षी: आखणी, फुल्या आणि गुंडाळणी

हाताने बांधलेल्या फिशिंग रॉडवर ग्रिपच्या (मुठीच्या) लगेच वर जी रंगीत धाग्यांची नक्षी असते, ती पाहणाऱ्याला बोटांची करामत वाटते. खरं तर धाग्याला चिकटून धागा बसवणं फारसं अवघड नाही, थोड्या सवयीने कुणालाही जमतं. नक्षी बिघडते ती त्याआधी, आखणीत. पहिली फुली, म्हणजे दोन तिरके धागे एकमेकांना ओलांडतात ती जागा, दोन मिलिमीटर इकडेतिकडे बसली की पुढचे सगळे धागे तिच्या आधाराने बसतात आणि तेवढीच चूक रुंद, रंगीत आणि ठळक करून दाखवतात. म्हणून इथे गुंडाळण्यापेक्षा मोजमापावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी एक फरक लक्षात घ्या. गाइडचे (दोरी ओवायच्या कड्यांचे) पाय ब्लँकला (रॉडच्या मूळ दांड्याला) बांधणारी गुंडाळी भार पेलते. मासा ओढत असतो तेव्हा तिच्यावर ताण येतो. ग्रिपजवळची नक्षी असं काहीच करत नाही, ती फक्त दिसते. त्यामुळे तिचे धागे करकचून ताणायची गरज नसते, उलट ते थोडे सैल असले तरच नंतर सरकवून सरळ करता येतात. नक्षीची जागाही यावरूनच ठरते. धागा आणि त्यावरचं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, कडक होणारं पारदर्शक लेपण) यांना वजन असतं, शिवाय त्या भागाचा ताठपणा वाढतो. ग्रिपलगत ब्लँक जाड असतो आणि फारसा वाकत नाही, तिथे हे खपून जातं. टोकाकडच्या भागात लांबलचक नक्षी करणं म्हणजे चांगला ब्लँक विकत घेऊन तो मुद्दाम जड करणं.

नक्षी मुळात तयार कशी होते

सगळ्या तिरकस नक्ष्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. धागा ग्रिपकडून टोकाकडे तिरका फिरत जातो, ही चढती फेरी. मग तो तसाच तिरका फिरत खाली येतो, ही उतरती फेरी. दोन्ही फेऱ्यांचा कल उलट असल्याने त्या एकमेकींना ओलांडतात आणि तिथे फुली पडते. एका पूर्ण वेढ्यात अशा दोन फुल्या पडतात: एक पुढच्या बाजूला, दुसरी बरोबर तिच्या पाठीमागे, अर्धा वेढा पुढे.

आता दुसरा नियम: फुलीवर जो धागा नंतर आला तो वर दिसतो. सगळे आकार यातूनच निघतात. मधल्या धाग्याच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून धागे वाढवत गेलात, तर प्रत्येक नवा रंग आधीच्यांना चारही बाजूंनी वेढतो आणि पत्त्यांतल्या चौकटसारखा डायमंड तयार होतो, एकात एक बसवलेला. धागे फक्त एकाच बाजूला, समजा टोकाच्या बाजूला, वाढवत गेलात तर एकावर एक बाणाची टोकं रचली जातात. तो शेव्हरॉन. तंत्र तेच, मांडण्याचा क्रम बदलला की आकार बदलतो. हे एकदा डोक्यात बसलं की दुसऱ्याची नक्षी पाहूनही ती कशी बांधली असेल ते उलगडता येतं: जो रंग सर्वात बाहेर, तो सर्वात शेवटी आला.

पावलाचं मोजमाप

एकाच बाजूच्या दोन लागोपाठ फुल्यांमधल्या अंतराला आपण पाऊल म्हणू. हे अंतर किती घ्यायचं? धागे ४५ अंशांच्या कोनात ओलांडले तर डायमंडची लांबी-रुंदी सारखी येते, आणि ४५ अंशांसाठी पाऊल त्या जागच्या परिघाएवढं लागतं. १४ मिमी व्यासाच्या ब्लँकचा परीघ सुमारे ४४ मिमी, म्हणजे पाऊलही ४४ मिमी. पाऊल यापेक्षा मोठं घेतलं तर डायमंड उभा, सडपातळ होतो. लहान घेतलं तर आडवा, बसका. थोडा सडपातळ डायमंड बारीक रॉडवर शोभतो. बसका कुठेच शोभत नाही, असं माझं मत आहे.

आकडेमोड टाळायची असेल तर कागदाची अरुंद पट्टी ब्लँकभोवती गुंडाळा, जिथे टोक टेकेल तिथे खूण करा आणि पट्टी उलगडा. मिळालेली लांबी हेच पाऊल. तीच पट्टी बरोबर अर्ध्यात दुमडली की पुढच्या खुणेपासून मागची खूण कुठे येते तेही कळतं.

अडचण अशी की ब्लँक टोकाकडे निमुळता होत जातो. परीघ कमी होतो तसं पाऊलही कमी व्हायला हवं. एक उदाहरण सोडवून पाहू. नक्षीच्या तळाशी व्यास १४ मिमी, त्याच्या वर २०० मिमीवर १२.५ मिमी. परीघ ४४ मिमीवरून सुमारे ३९ मिमीपर्यंत उतरतो. प्रत्येक पावलासाठी त्या पावलाच्या मध्यावरचा परीघ धरला तर पावलं साधारण ४३, ४२, ४१ आणि ४० मिमी अशी येतात. पहिली फुली तळरेषेपासून (नक्षीच्या खालच्या कडेपासून) अर्ध्या पावलावर, म्हणजे २२ मिमीवर घेतली, तर पुढच्या बाजूच्या फुल्या २२, ६५, १०७, १४८ आणि १८८ मिमीवर येतात आणि नक्षीची वरची रेषा शेवटच्या फुलीनंतर अर्ध्या पावलावर, म्हणजे २०८ मिमीवर.

एवढ्या कमी उतारावर सगळी पावलं सारखी घेतली तरी फार बिघडत नाही. पण ब्लँक झपाट्याने निमुळता होत असेल किंवा नक्षी लांब असेल, तर वरचे डायमंड ताणल्यासारखे दिसू लागतात, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

तळरेषेपासून अर्धं पाऊल का सोडलं? पुढच्या बाजूला पाच पूर्ण डायमंड बसावेत म्हणून. पाठीमागच्या फुल्या अर्ध्या पावलाने सरकलेल्या असतात, त्यामुळे तिकडे मध्ये चार पूर्ण येतात आणि दोन्ही टोकांना बरोबर अर्धा-अर्धा डायमंड कापला जातो. तेही नीटनेटकं दिसतं. दोन्ही बाजूंना पूर्ण डायमंडच हवेत असा हट्ट दोन अक्षांच्या, म्हणजे पुढे आणि मागे अशा दोनच ओळींत फुल्या असलेल्या, नक्षीत चालत नाही.

म्हणून आधी पुढची बाजू कोणती ते ठरवा. स्पिनिंग रॉडमध्ये गाइड खाली लोंबतात, मासेमाराच्या डोळ्यांसमोर त्यांच्या विरुद्ध बाजू असते. बेट कास्टिंग रॉडमध्ये गाइड वर असतात, तिथे गाइडची बाजू तीच पुढची. रील सीट (रील बसवायचा भाग) आधी चिकटवलेलं असलं की ही दिशा चुकत नाही.

धागे किती लागतील

धाग्याची जाडी साइझच्या अक्षरावर सोडू नका. ए साइझ बारीक आणि डी साइझ जाड, एवढं खरं. पण प्रत्येक उत्पादकाचा धागा थोडा वेगळा असतो आणि मेटॅलिक धागा साध्या नायलॉनपेक्षा वेगळा बसतो. वापरणार असाल तो धागा ब्लँकवर २० वेढे घट्ट लागून गुंडाळा, रुंदी मोजा, २० ने भागा. ५ मिमी भरली तर धागा ०.२५ मिमी. पहिल्या नक्षीसाठी डी साइझ घ्या. बारीक धाग्याने तपशील जास्त येतो, पण फेऱ्या दीडपट-दुप्पट होतात आणि चुकाही.

४५ अंशांत डायमंडची एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी म्हणजे फेऱ्यांची संख्या गुणिले धाग्याची जाडी गुणिले १.४१. इथून पुढे एक चढती आणि एक उतरती मिळून एक फेरी मोजली आहे. डायमंड एका नजरेत दिसायचा असेल तर तो परिघाच्या एक तृतीयांशापेक्षा फार मोठा नको, नाहीतर त्याचे कोपरे रॉडच्या कडेवरून पलीकडे वळतात. आपल्या उदाहरणात परिघाचा तिसरा हिस्सा १४ मिमीच्या आसपास. ०.२५ मिमीच्या धाग्याने ४१ फेऱ्यांत १४.५ मिमीचा डायमंड मिळतो. इथून पुढे रंग वाटून घ्यायचे.

४१ फेऱ्यांची एक वाटणी अशी: मधोमध चंदेरी मेटॅलिकची १. मग दोन्ही बाजूंना गडद निळ्या ६, पांढऱ्या २, आकाशी ८, पुन्हा पांढऱ्या २ आणि सर्वात बाहेर काळ्या २. एका बाजूच्या २०, दोन्ही मिळून ४०, अधिक मधली १. ग्राफ पेपरवर एक घर म्हणजे एक धागा धरून डायमंडचा एक चतुर्थांश भाग रंगवा, बाकीचा आरशासारखा येतो. कागदावर जे गढूळ दिसतं ते रॉडवर आणखी गढूळ दिसतं. दोन जवळच्या छटांमध्ये एखादी फिकट किंवा अगदी काळी रेघ टाकली की त्या सुट्या दिसतात, म्हणून त्या पांढऱ्या दोन-दोन फेऱ्या. एकच पांढरा धागा दोन हातांवरून दिसेनासा होतो. तीन रंग आणि एक रेघ एवढ्यावर थांबणारे लोक थोडे, पण त्यांचेच रॉड मागे वळून पाहावेसे वाटतात.

धागा किती लागेल हेही यातच कळतं. २०८ मिमीच्या अंतरावर ४५ अंशांत एक चढती फेरी सुमारे २९४ मिमी, चढती आणि उतरती मिळून ५९ सेंमी. आकाशी १६ फेऱ्यांना साडेनऊ मीटर, सगळ्या ४१ फेऱ्यांना साधारण २४ मीटर. दोन्ही टोकांना टेपवर वळवण्यासाठी प्रत्येक फेरीला आठ-दहा सेंमी धागा जास्त लागतो, तो यात धरा.

सगळं झाकायचं की मोकळं ठेवायचं

डायमंडमधली जागा पूर्ण भरून टाकणारी बंद नक्षी अनेकांना पहिल्यांदाच करून पाहायची असते. करू नका. तळाशी ४४ मिमी परीघ भरायला ०.२५ मिमीच्या धाग्याच्या १२४ फेऱ्या लागतात, वरच्या टोकाला ३९ मिमी भरायला ११० पुरतात. म्हणजे वर जागा संपलेली असते तेव्हा खाली अजून १४ धाग्यांची फट उघडी असते. आणखी धागे घातले की ते वर एकमेकांवर चढतात. अनुभवी बांधणारे खाली धागे किंचित सैल आणि वर घट्ट सरकवून ही फट गिळून टाकतात, पण त्यालाही मर्यादा आहे. मोकळ्या नक्षीत हा प्रश्नच येत नाही: डायमंडच्या मधल्या खिडक्या वर जाताना थोड्या लहान होतात आणि ब्लँक निमुळता असल्याने ते स्वाभाविक वाटतं.

मोकळ्या नक्षीत खिडकीतून काय दिसावं हे ठरवावं लागतं. उघडा ब्लँकही चालतो. पण नक्षीखाली एका रंगाचं अस्तर, म्हणजे सरळ, लागून गुंडाळलेला बारीक धागा, असेल तर नक्षी उठून दिसते. हे काम कंटाळवाणं आहे: ०.१५ मिमीच्या धाग्याने २०८ मिमी झाकायला जवळपास १,४०० वेढे आणि ५८ मीटर धागा. अस्तर दोन्ही टोकांना किमान १० मिमी जास्त न्या आणि त्यावर इपॉक्सीचा एक पातळ थर देऊन तो पूर्ण कडक होऊ द्या. त्याचा दुहेरी फायदा होतो. वरचे धागे गुळगुळीत पृष्ठभागावर सहज सरकतात, आणि नक्षी फसली तर अस्तराला धक्का न लावता ती कापून काढता येते.

अस्तराने व्यास वाढतो. म्हणून पावलांचं मोजमाप अस्तर आणि त्यावरचा थर सुकल्यानंतरच घ्या. वरच्या उदाहरणातला १४ मिमी व्यास अस्तरावरून मोजलेला समजा.

रंगाचा धोका

साधा नायलॉन धागा इपॉक्सी शोषला की पारदर्शक होतो. काळ्या ब्लँकवर पांढरा धागा राखाडी, पिवळा हिरवट-तपकिरी, लाल काळपट होतो. हे टाळायला इपॉक्सीआधी कलर प्रिझर्व्हरचे थर देतात, किंवा मुळातच अपारदर्शक असलेला एनसीपी (प्रिझर्व्हर न लागणारा) धागा वापरतात. एनसीपी रंग टिकवतो पण त्याची चमक थोडी मंद असते. मेटॅलिक धाग्याचा रंग फारसा बदलत नाही.

कलर प्रिझर्व्हर धाग्यात मुरलं की इपॉक्सीला आत शिरायला वाव राहत नाही. नक्षीवर ते चालतं. गाइडच्या गुंडाळीवर मात्र इपॉक्सीने धागा भिजवून पाय ब्लँकला धरायला हवा, म्हणून तिथे रंग जुळवायचा असेल तर एनसीपी वापरणं जास्त सुरक्षित.

कोणताही रंग वापरण्याआधी त्याच रंगाच्या टाकाऊ ब्लँकच्या तुकड्यावर थोडा गुंडाळा, अर्ध्यावर प्रिझर्व्हर लावा, अर्धा तसाच ठेवा, आणि दोन्हीवर इपॉक्सी द्या. रिळावरचा रंग हा रॉडवरचा रंग नव्हे.

आखणी

ब्लँक स्पिरिटने पुसा, हाताचं तेल राहू देऊ नका. पुढची अक्षरेषा मारण्यासाठी ॲल्युमिनियमचा एल आकाराचा अँगल छपरासारखा ब्लँकवर ठेवा. त्याच्या दोन्ही बाजू टेकल्या की कडेने मारलेली रेघ ब्लँकच्या लांबीला सरळ येते. रेघेसाठी काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल घ्या, ती नंतर पुसता येते. मार्कर नको, त्याची शाई इपॉक्सीत फुटू शकते.

मागची अक्षरेषा काढायला दुमडलेली पट्टी दोन्ही टोकांना गुंडाळून अर्ध्याच्या खुणा करा आणि त्या अँगलने जोडा. निमुळत्या ब्लँकवर तळाची पट्टी वरच्या टोकाला चालत नाही, प्रत्येक ठिकाणी नवीन पट्टी.

मग पुढच्या रेघेवर २२, ६५, १०७, १४८, १८८ आणि मागच्या रेघेवर त्यांच्या मधोमध, म्हणजे ४३.५, ८६, १२७.५ आणि १६८ मिमीवर छोट्या आडव्या खुणा करा. मोजपट्टी एकदाच शून्यावर धरून सगळ्या खुणा करा. एका खुणेपासून दुसरी मोजत गेलात तर प्रत्येक वेळची किंचित चूक साचत जाते.

तळरेषेच्या खाली आणि वरच्या रेषेच्या वर दहा मिमी जागा सोडून मास्किंग टेपची १५ मिमी रुंद कॉलर गुंडाळा. सगळ्या फेऱ्यांचे धागे या कॉलरांवर वळणार आणि संपणार आहेत. ग्रिप आणि तळरेषा यांच्यात म्हणूनच सुमारे २५ मिमी जागा हवी. टेप निघाल्यावर ती जागा साध्या वेढ्यांच्या पट्टीने झाकायची असते, हे आधीच हिशेबात धरा. नाहीतर शेवटी ग्रिपपाशी नागडा ब्लँक राहतो.

पहिली फेरी

ब्लँक ज्यावर ठेवून फिरवायचा त्या स्टँडच्या खाचांना फेल्टचं किंवा मऊ कापडाचं अस्तर हवं, ब्लँक ओरखडला तर उपाय नाही. धाग्याचा ताण इतका ठेवा की धागा ढिला लोंबणार नाही, पण नखाने ढकलला तर सरकेल.

मधल्या रंगाचं टोक खालच्या कॉलरवर टेपच्या तुकड्याने चिकटवा. धागा तळरेषेवर मागच्या अक्षापासून निघायला हवा. ब्लँक फिरवत तो पुढच्या २२ वर, मग मागच्या ४३.५ वर, पुढच्या ६५ वर असा खुणांवरून वर न्या. वरच्या रेषेवर तो पुन्हा मागच्या अक्षावर पोचतो. तिथून कॉलरवर जाऊन एक पूर्ण वेढा घ्या, म्हणजे वळणावर तो घसरणार नाही, आणि मागच्या अक्षावरूनच खाली निघा. ब्लँक फिरवण्याची दिशा बदलायची नाही. दिशा तीच ठेवून हात खाली सरकवला की कल आपोआप उलटतो आणि प्रत्येक खुणेवर फुली पडते.

आता थांबा. रॉड डोळ्यासमोर आडवा धरून लांबीच्या दिशेने पाहा. पुढच्या पाचही फुल्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. नसल्या तर वेढ्याला हात न लावता थेट फुलीवर नख किंवा बर्निशर (धागे लोटायचं गुळगुळीत टोकाचं हत्यार) ठेवून दोन्ही धागे एकदम खुणेवर आणा. मग मागची बाजू, मग पुन्हा पुढची, कारण एक सरकवली की शेजारची हलते. तीन फेऱ्या होईपर्यंत ही तपासणी प्रत्येक फेरीनंतर करा. दहा फेऱ्यांनंतर फुल्या जागेवर जखडलेल्या असतात, तेव्हा काही हलवायला गेलात तर फटी पडतील.

पुढच्या फेऱ्या

डायमंडसाठी दुसरी फेरी मधल्या धाग्याच्या टोकाकडच्या बाजूला लावून, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा. तिसरी फेरी ग्रिपकडच्या बाजूला, पुन्हा दोन्ही वेळा. अशी जोडी झाली की त्या रंगाची एक रेघ पूर्ण. गोंधळ होतो तो इथेच: चढताना टोकाची बाजू आणि उतरताना चुकून ग्रिपची बाजू धरली, तर डायमंडचा एक कोपरा वाढतो आणि समोरचा खुजा राहतो. झालेल्या फेरीवर कागदावर टिक करत जाणं यावरचा सोपा इलाज आहे.

दर चार-पाच फेऱ्यांनी बर्निशरच्या गुळगुळीत टोकाने धागे मधल्या फुलीकडे लोटून घट्ट करा. दाब मधून बाहेर नको, बाहेरून आत. फुलीवर कुठेही दोनच धागे एकमेकांवर असतात, एक चढता आणि एक उतरता, त्यामुळे डायमंडचा फुगा होत नाही. फुगा दिसला तर कुठेतरी एक धागा शेजारच्यावर चढला आहे. तो लगेच उलगडा. नंतर बघू म्हणून सोडलेला धागा इपॉक्सीच्या भिंगाखाली दुप्पट ठळक दिसतो.

रंग बदलताना जुना धागा कॉलरवर चिकटवून कापा, नवा तिथेच सुरू करा. काम अर्धवट ठेवून उठायचं असेल तर धागा कॉलरवर टेपने पक्का करा. ताणलेला धागा रात्रभर नुसता सोडला तर सकाळी ढिला सापडतो.

शेव्हरॉन आणि चार अक्ष

शेव्हरॉन करायचा असेल तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या टोकाकडच्याच बाजूला. बाणांची टोकं रॉडच्या टोकाकडे रोखलेली येतात. इथे खूण आकाराच्या मध्यावर नसून तळाशी असते, कारण आकार तिच्यापासून एकाच दिशेने वाढतो. ४० फेऱ्यांचा शेव्हरॉन १४ मिमी उंच होईल, म्हणून सगळ्या खुणा ७ मिमी खाली घ्या.

चार अक्षांच्या नक्षीत धाग्यांची दुसरी जोडी पहिलीच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरू होते. दोन जोड्यांच्या आपापल्या फुल्या पुढे-मागे पडतात आणि दोन्ही जोड्या एकमेकींना डाव्या-उजव्या अंगाला ओलांडतात. धागा दुप्पट, फुल्या चौपट. एका अक्षावरचं अंतर अर्धं होतं, म्हणून प्रत्येक जोडीत २५ ते ३० फेऱ्यांवर थांबा, नाहीतर खिडक्या फार लहान उरतात. जोड्या आलटून पालटून, एकेक फेरीने वाढवाव्या लागतात. एक जोडी पूर्ण करून दुसरी घेतली तर दुसरी पहिलीवर पसरते आणि बाजूच्या फुल्यांवर डायमंड उमटतच नाहीत.

धागे बांधून कापणं

शेवटची फेरी झाल्यावर तळरेषेच्या लगेच बाहेर, म्हणजे कॉलरच्या दिशेला, साध्या सरळ वेढ्यांची पट्टी सुरू करा. इथे ताण वाढवा, कारण नक्षीचे सगळे धागे हीच पट्टी धरून ठेवणार आहे. आठेक वेढे झाले की नव्या पात्याने धागे पट्टीच्या बाहेरच्या कडेला कापा, आणि टेपसकट कापलेली टोकं सोलून काढा. पातं फक्त धागा कापेल इतकंच टेकवा. ब्लँकमधल्या तंतूंना चीर गेली तर रॉड तिथूनच मोडतो. मग पट्टी पुढे नेऊन कापलेली टोकं झाका, आणि खालच्या बाजूला ग्रिपपर्यंत पोचा. संपण्याआधी आठ-दहा वेढे बाकी असताना दुहेरी धाग्याचा फास वेढ्यांखाली ठेवा, शेवटचं टोक त्यात ओवा आणि फास ओढून घ्या, टोक वेढ्यांखाली जातं. वरच्या टोकालाही हेच. नक्षीतल्या बाहेरच्या रंगाची पट्टी आणि तिच्यात मधल्या रंगाचे तीन-चार वेढे एवढी किनार पुरते. गाइडच्या गुंडाळीवर तीच किनार टाकली की सगळा रॉड एका हातचा दिसतो.

थर

उभे राहिलेले तंतू स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून झटकन फिरवून जाळा. मेटॅलिक धाग्याजवळ ज्योत नेऊ नका, तो वितळतो. मेणाच्या पेन्सिलीच्या खुणा खिडक्यांतून दिसत असतील तर आत्ताच पुसा.

प्रिझर्व्हर वापरत असाल तर धागे पूर्ण भिजतील असे पातळ थर द्या आणि प्रत्येक थर सुकू द्या. अर्धवट सुकलेल्या प्रिझर्व्हरवर इपॉक्सी घातलं की ढगाळ डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मग इपॉक्सी: दोन्ही भाग सिरिंजने अगदी सारखे मोजा, उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर. दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असलेली सिरिंज टाळा, त्याने थरावर खळगे पडतात. हळूहळू, फेस न आणता काही मिनिटं ढवळा आणि मिश्रण ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. उथळ पसरल्याने बुडबुडे फुटतात आणि मिश्रण लवकर तापून घट्टही होत नाही.

रॉड सावकाश फिरत असताना ब्रशने पातळ थर लावा. डायमंडची कड आणि खिडकी यांच्यात पायरी असते, तिथे आणि किनारीच्या कडेला हवा अडकते. ज्योत क्षणभर खालून फिरवली की बुडबुडे वर येऊन फुटतात. मोटर नसेल तर मिश्रण घट्ट होईपर्यंत दर काही मिनिटांनी रॉड अर्धा वेढा हाताने फिरवत राहावं लागतं, म्हणजे ओघळ एका बाजूला साचत नाहीत. पहिला थर कडक झाल्यावर बोट फिरवा. खरखरीत लागेल तिथे तंतू पात्याने तासा, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, धूळ स्पिरिटने पुसा आणि दुसरा थर द्या. पायऱ्या बुजायला मोकळ्या नक्षीला बहुधा तिसराही लागतो. तो द्यायचा की नाही हे दिव्याच्या उजेडात रॉड आडवा धरून बघा: उजेडाची रेघ डायमंडवरून न मोडता गेली तर पुरे.